फक्त एक लोगोच तर करायचाय!

पाचशेची नोट उलटी करून पाहिली की लाल किल्ल्याच्या चित्राजवळ गांधीजींचा चष्मा दिसतो. एका काचेत ‘स्वच्छ’, दुसरीत ‘भारत’. हा चष्मा कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी काढला. २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा घेतली आणि त्यांची प्रवेशिका निवडली गेली. बक्षीस होतं ५० हजार रुपये. दोन वर्षांनी नव्या मालिकेच्या नोटा आल्या तेव्हा चष्मा त्यांच्यावर जाऊन बसला. त्याच नोटेवर रुपयाचं चिन्ह आहे. तेही स्पर्धेतूनच आलं. २०१० मध्ये आलेल्या तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून उदय कुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं. उदय कुमार तेव्हा मुंबईच्या आयआयटीतल्या ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’मध्ये, म्हणजे आयडीसीत, पीएचडी करत होते. त्यांना अडीच लाख रुपये मिळाले. आधार कार्डावरचा सूर्य आणि त्यातला बोटाचा ठसा हे अतुल सुधाकरराव पांडे यांचं काम. तीही स्पर्धा, तेही वर्ष २०१०. बक्षीस एक लाख.

तिन्ही बक्षिसांची बेरीज होते चार लाख. देशातल्या बहुतेक प्रौढ माणसांच्या खिशात रोज फिरणाऱ्या तीन चिन्हांची ही किंमत. सरकारने एरवी काम देऊन करून घेतलंच नाही असंही नाही. स्वच्छ भारतचा चष्मा आला त्याच २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’चा दातेरी चाकांचा सिंह आला. तो वायडन प्लस केनेडी या आंतरराष्ट्रीय जाहिरात संस्थेच्या भारतीय शाखेने रीतसर काम घेऊन केला होता. एकाच वर्षी, एकाच सरकारने, एक चिन्ह व्यावसायिकांकडून करून घेतलं आणि दुसरं स्पर्धेतून उचललं.

स्पर्धेबद्दल डिझायनर कुरकुरतात तेव्हा बाहेरच्या माणसाला तो मत्सर वाटतो. त्यांची तक्रार साध्या हिशोबाची आहे. तीन हजार जणांनी प्रत्येकी दोनच दिवस घातले असं धरलं, तरी सहा हजार दिवसांचं काम झालं. मोबदला एकाला मिळाला. रुग्णालयात शस्त्रक्रिया करून दाखवा, ज्याची आवडेल त्याला फी देऊ, असं कोणी म्हणत नाही. डिझायनरांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही अशा बिनपैशाच्या, ‘आवडलं तर घेऊ’ धर्तीच्या कामाला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. तरीही २०२२ मध्ये भारताकडे जी-२० चं अध्यक्षपद आलं, तेव्हा बोधचिन्हासाठी पुन्हा खुली स्पर्धाच झाली. गल्लीतला नवा कॅफे, नगरसेवकाचा भाऊ, सोसायटीचा गणेशोत्सव यांनी सरकारचंच पाहून हात आखडता घेतला असेल, तर दोष कोणाला द्यायचा? ‘फक्त एक लोगोच तर करायचाय’ हे वाक्य प्रत्येक मराठी डिझायनरने कधी ना कधी ऐकलेलं असतं. बहुतेक वेळा ते ओळखीच्या माणसाकडून येतं.

सहीचा काळ

एके काळी मराठी वाचक चित्रकाराचं नाव पाहून अंक विकत घेत असे. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. त्याचं मुखपृष्ठ काय असेल याची घरोघर वाट पाहिली जाई. गोव्याकडूनच आलेल्या रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवतांनी कॅलेंडरांवरून भिंती काबीज केल्या. दोघेही चित्राखाली ठळक सही करत. ‘दलाल आर्ट स्टुडिओ’ हे नाव म्हणजेच दर्जाची हमी होती. आजच्या भाषेत तो एका माणसाच्या नावावर उभा राहिलेला ब्रँडच.

या माणसांना तेव्हा कमर्शियल आर्टिस्ट म्हणत. सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि मुंबईच्या जाहिरात संस्थांना, छापखान्यांना, वृत्तपत्रांच्या कला विभागांना तिथून माणसं मिळू लागली. १९६१ मध्ये तो विभाग स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाला. त्या वास्तूतून बाहेर पडलेल्यांची यादी मराठी साहित्याच्या वाचकालाही ओळखीची वाटेल. अरुण कोलटकर कवी म्हणून जगाला माहीत झाले, पण पोट भरत होते जाहिरात क्षेत्रातले आर्ट डायरेक्टर म्हणून, आणि त्या धंद्यात त्यांचा दबदबा होता. र. कृ. जोशी हेही कवी. ते ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत सुमारे दोन दशकं होते आणि १९८३ पासून आयडीसीत शिकवू लागले. विंडोजवर देवनागरी उमटवणारा ‘मंगल’ हा टंक त्यांचा. सरकारी परिपत्रकं, शाळेच्या नोटिसा, पोलीस ठाण्यातले अर्ज असा लाखो पानांचा मजकूर जोशींच्या अक्षरात आहे. तो वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना जोशी माहीत आहेत.

कमल शेडगे यांचं उदाहरण आणखी वेगळं. ते टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं त्यांनी अशी काढली की अक्षरावरूनच नाटकाचा बाज कळावा. वृत्तपत्रातल्या दोन इंची चौकटीत कोणतीही सजावट न करता, निव्वळ अक्षराच्या वळणातून शोकांतिका आणि फार्स वेगळे करून दाखवणं ही किमया होती. २०२० मध्ये ते गेले तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं. अक्षर काढणाऱ्या माणसाला असा निरोप मिळणं विरळाच.

या मंडळींची संघटनाही होती. मुंबईत १९४८ मध्ये कमर्शियल आर्टिस्ट्‌स गिल्ड, म्हणजे ‘कॅग’, स्थापन झालं. त्याचे पुरस्कार जाहिरात जगतात मानाचे ठरले. मात्र कॅगने कामाचे किमान दर बांधले नाहीत, आणि त्याच्या सभासदत्वावाचून कोणाचं काम अडलं नाही. पुढे वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आला, नोंदणी परिषद आली. नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. ग्राफिक डिझायनर व्हायला संगणक आणि नेट एवढं पुरतं, आज २०२० च्या दशकातही.

अहमदाबाद, पवई आणि पुणे

दुसरा प्रवाह सरकारी होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. १९६९ मध्ये पवईला आयडीसी आली. कमर्शियल आर्टची परंपरा चित्रावर, हातावर आणि जाहिरातीच्या घाईवर पोसलेली होती. एनआयडीची मुलं आधी प्रश्न विचारायला शिकली: हे चिन्ह कुठे लागणार, किती लहान होणार, शिक्क्यात उमटेल का, एका रंगात छापलं तर ओळखू येईल का?

त्या शिस्तीचं सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे स्टेट बँकेचं चिन्ह. एनआयडीतल्या शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलेलं ते निळं वर्तुळ आणि मधली फट. अहमदाबादच्या कांकरिया तलावावरून ते सुचलं, अशी दंतकथा आजही डिझाइनचे विद्यार्थी एकमेकांना सांगतात. पन्नास वर्षं उलटून गेली, फलकांवरचे रंग-अक्षरं बदलली, वर्तुळ राहिलं. मुंबईत सुदर्शन धीर यांनी सत्तरच्या दशकात ‘ग्राफिक कम्युनिकेशन कन्सेप्ट्स’ हा स्टुडिओ काढला. जाहिरात संस्थेबाहेर राहून केवळ बोधचिन्हं आणि कंपनीची दृश्य ओळख एवढंच काम करून दाखवणारे ते सुरुवातीच्या लोकांपैकी. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि टायटन ही त्यांची ठळक कामं.

आजच्या अर्थाने ज्याला डिझाइन स्टुडिओ म्हणतात, तो खरा उभा राहिला १९८९ च्या सुमारास. त्या वर्षी पुण्यात एनआयडीतून बाहेर पडलेल्या काही मित्रांनी ‘एलिफंट’ सुरू केलं. त्यांत अश्विनी देशपांडे होत्या. त्याच वर्षी बंगळुरूला सुजाता केशवन यांनी राम रे यांच्यासोबत ‘रे प्लस केशवन’ काढलं. पाठोपाठ १९९१ चं उदारीकरण आलं आणि या स्टुडिओंना गिऱ्हाईक मिळालं. परदेशी माल बाजारात येऊ लागला, तसं देशी कंपन्यांना आपलं खोकं, आपली बाटली, आपलं नाव नव्याने बघावंसं वाटू लागलं. पुढे रे प्लस केशवन डब्ल्यूपीपी या जागतिक जाहिरात समूहात गेलं. भारतीय स्टुडिओला बाजारभाव असतो हे त्यातून पहिल्यांदा कळलं.

एलिफंटच्या कामांपैकी ‘पेपर बोट’ मराठी ग्राहकाला लगेच आठवेल. २०१३ मध्ये हे पेय बाजारात आलं. आमरस, जलजीरा, कोकम ही घरात केली जाणारी पेयं कारखान्यातून विकायची होती. ग्राहकाला ते ‘घरचं’ वाटावं यासाठी स्टुडिओने बाटलीचा नाद सोडला. हातात मावणारी, उभी राहणारी मऊ पिशवी, त्यावर चकाकीऐवजी मॅट पोत, सपाट रंगांची चित्रं आणि पाठीवर गोष्ट सांगावी तसा मजकूर. दुकानातल्या शीतपेटीत चमकणाऱ्या डब्यांच्या गर्दीत ती पिशवी वेगळी दिसे. डिझाइन म्हणजे शेवटी चढवायचा मुलामा, ही समजूत अशा कामांनी थोडी तरी ढिली केली. पिशवीचा आकार, तिचं भरण यंत्र, झाकण, मजकूर हे सगळं एकत्र ठरावं लागतं, आणि त्यासाठी डिझायनर पहिल्या बैठकीपासून खोलीत हवा.

सगळ्याच स्टुडिओंना ही खोली मिळत नाही. मोठ्या कामाआधी ‘पिच’ असतं. चार स्टुडिओंना बोलवायचं, चौघांनी कल्पना आणि नमुने मांडायचे, एकाला काम. पिचचे पैसे देणाऱ्या कंपन्या थोड्याच. मग मोठ्या संस्था तो खर्च पगारी माणसांच्या रात्रींवर टाकतात. चार-पाच जणांच्या स्टुडिओला मात्र एक फुकट पिच म्हणजे महिन्याचं भाडं. म्हणून अनेक छोटे स्टुडिओ पिचला जातच नाहीत. ते तोंडी शिफारशीवर, जुन्या गिऱ्हाइकावर आणि इन्स्टाग्रामवर जगतात.

मोफत अक्षरांचा महाग कारखाना

गेल्या पंधरा वर्षांत मराठी डिझाइनमध्ये सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती अक्षरांत. नव्वदच्या दशकात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्रीलिपी’ आणि सी-डॅक या सरकारी संस्थेच्या प्रणाली आल्या, तेव्हा मराठी प्रकाशनाला संगणकाची दारं उघडली. पण प्रत्येक प्रणालीची आतली सांकेतिक रचना वेगळी. एका टंकातला मजकूर दुसऱ्यात नेला की पानभर भुतं नाचत. दिवाळी अंकांच्या अक्षरजुळणीकारांनी या भुतांशी दोन दशकं झुंज दिली आहे, आणि कित्येक ठिकाणी अजूनही देताहेत. युनिकोड या सगळ्या लिपींच्या सामाईक संकेतरचनेने हा घोळ मिटवला, पण युनिकोडमध्ये बसणारे देखणे देवनागरी टंक बोटांवर मोजण्याइतके होते.

ते येऊ लागले २०१० नंतर. मुंबईत ‘एक टाइप’ नावाचा टंककारांचा गट उभा राहिला. सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी, नूपुर दातये ही त्यातली काही नावं. ‘मुक्ता’ हा त्यांचा टंक आज मराठी संकेतस्थळांवर, ॲपमध्ये, निमंत्रणपत्रिकांवर सर्रास दिसतो. सात वजनांत तो मिळतो, बारीक ते जाड. ‘बालू’ हा गुबगुबीत टंक त्यांनी अनेक लिपींत केला, ‘मोदक’ त्याहून गुबगुबीत. २०२२ मध्ये आलेला ‘अनेक’ हा त्यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी घाट. रोमन धरून दहा लिपी, आणि प्रत्येकीत अक्षर अरुंद ते रुंद, बारीक ते ठसठशीत असं हवं तसं ताणता येईल अशी रचना. अहमदाबादच्या ‘इंडियन टाइप फाउंड्री’तून ‘पॉपिन्स’ आला. त्यातली देवनागरी अक्षरं निनाद काळे यांची. पॉपिन्सचा रोमन भाग जगभरच्या संकेतस्थळांवर इतका पसरला आहे की तो एका भारतीय फाउंड्रीतून, म्हणजे टंक घडवणाऱ्या संस्थेतून, निघाला, हे वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं.

रोमन टंकाला अडीच-तीनशे आकृत्या पुरतात. देवनागरीत जोडाक्षरं, अर्धी रूपं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या धरल्या की आकडा सात-आठशेच्या घरात सहज जातो. शिवाय मराठीची म्हणून वळणं आहेत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र हिंदीत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीच २००८ मध्ये. कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सने ग्रंथांसाठी केलेल्या टंकाचे हिंदी, संस्कृत आणि मराठी असे वेगळे अवतार काढले, ते याच कारणाने. मोबाइलवर ‘शाळा’ लिहिलं आणि हिंदी वळणाचा श उमटला की मराठी डोळ्याला बारीक खडा लागतो. तो खडा काढायला कोणीतरी महिनोन्‌महिने बसलेलं असतं.

यांतले बरेचसे टंक मोफत आहेत. गूगलने आपल्या फॉन्ट संग्रहासाठी भारतीय लिपींचे टंक पैसे देऊन करून घेतले आणि खुल्या परवान्याखाली सोडले. त्याचा मराठीला झालेला लाभ वादातीत आहे. गावातल्या फ्लेक्सवाल्यापासून वृत्तसंकेतस्थळापर्यंत सगळ्यांना एक रुपयाही न देता उत्तम अक्षर मिळालं. व्यवसायाच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट गुंतागुंतीची होते. टंककाराला मोबदला एकदाच मिळतो, वापर कोटींनी वाढतो. आणि एवढं चांगलं अक्षर फुकट मिळत असताना प्रकाशकाने किंवा बँकेने देवनागरी टंकाचा परवाना विकत का घ्यावा, हा प्रश्न नव्या फाउंड्रीसमोर पहिल्याच दिवशी येतो. उत्तर एकच दिसतं: खास त्या कंपनीसाठी, तिच्या नावाचा, दुसऱ्या कोणाकडे नसलेला टंक करून देणं. अनेक फाउंड्रींचं घर आता अशा कामांवर चालतं.

पाट्यांची लाट

देवनागरी अक्षरांची मागणी एकदम वाढवणारी घटना न्यायालयात घडली. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दुकानांविषयीचा कायदा बदलला आणि कामगार कितीही असोत, प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरीत, मराठीत हवी असं केलं. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही, हेही त्यात होतं. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. नोव्हेंबर संपता संपता मुंबई महापालिकेची पथकं पाट्या तपासत फिरू लागली.

दोन महिन्यांत मुंबई-पुण्यातल्या हजारो दुकानांना मराठी नाव लागलं. डिझाइनच्या दृष्टीने ही न भूतो संधी होती. घाईत तिचं काय झालं ते रस्त्यावर दिसतंच. ज्या ब्रँडने इंग्रजी नावाच्या एकेका अक्षरावर लाखो खर्च केले, त्याने मराठी नाव संगणकात पहिल्या दिसलेल्या टंकात टाकलं. काही ठिकाणी रोमन अक्षराची फॅशन देवनागरीला चढवताना शिरोरेघच कापली. काही ठिकाणी रोमन वळण ओढूनताणून देवनागरीवर बसवलं आणि नाव दोनदा वाचावं लागलं.

यामागे खरा तांत्रिक पेच आहे. रोमन कॅपिटल अक्षरं पाटीची उंची पूर्ण भरतात. देवनागरीला डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार लागतात. तेवढ्याच उंचीच्या पट्टीत देवनागरी बसवली की मधलं मूळ अक्षर आक्रसतं. मग ‘लहान नाही’ म्हणजे कुठून कुठे मोजायचं? शिरोरेघेपासून पायापर्यंत, की मात्रेच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत? दोन लिपी शेजारी ठेवून दोन्हींचं वजन डोळ्याला सारखं वाटेल असं करणं हे अनुभवी माणसाचं काम आहे. काही मोठ्या कंपन्यांनी ते नीट करून घेतलं. बाकीच्यांना फलकवाल्याने दुपारपर्यंत करून दिलं.

फलकवालाही बदललेला. रंगारी-पेंटर गावोगाव होते तेव्हा पाटीचं अक्षर हाताने निघत असे आणि प्रत्येक पेंटरचं वळण वेगळं असे. फ्लेक्स छपाई आली आणि त्यांचं काम चौरस फुटाच्या भावाने हरलं. मुंबईत कुर्नाल रावत आणि विशाल रावले यांनी ‘टायपोसिटी’ नावाने शहरातली जुनी अक्षरं नोंदवायला घेतली. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी पेंटरांच्या अक्षरांचे डिजिटल टंक केले आणि ते पेंटरांच्या नावांनीच प्रसिद्ध केले. कुरेशी पुढे ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. मुंबईत ससून डॉकच्या भिंतींवर २०१७ मध्ये याच संस्थेने मोठा कला प्रकल्प केला. २०२४ मध्ये कुरेशी गेले. पेंटरच्या नावाने टंक विकावा आणि विक्रीतला वाटा त्याला द्यावा, ही त्यांची रीत लहान होती, पण श्रेय आणि पैसा एकाच धाग्यात बांधणारी होती.

यंत्र आणि पगार

आज एखादं मूल बारावीनंतर ‘डिझाइन करायचं’ म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दलालांचा कुंचला नसतो, मोबाइलचा पडदा असतो. आयआयटींच्या पदवी अभ्यासक्रमासाठी २०१५ पासून ‘युसीड’ परीक्षा आहे. आंध्र, हरियाणा, मध्य प्रदेश आणि आसामातही एनआयडी निघाल्या. खासगी डिझाइन महाविद्यालयं तर पुण्याच्या प्रत्येक दिशेला आहेत. सर ज. जी. कलाशाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या कित्येक मुलांना पैसे देणारं काम ॲपमध्ये मिळतं: बटण कुठे असावं, पैसे पाठवताना माणूस कुठे अडतो, कोणता रंग धोक्याचा वाटतो. बँकिंग आणि खरेदीच्या ॲप कंपन्या पुस्तकांच्या प्रकाशकांपेक्षा कैक पट पगार देतात. त्यामुळे मुखपृष्ठं, दिवाळी अंक, नाटकाच्या जाहिराती हे काम पोटासाठी दुसरीकडे राबणाऱ्यांच्या सुटीच्या दिवसांवर येऊन ठेपलं आहे.

खालच्या टोकाला कॅनव्हा आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या या साधनाने वाढदिवसाचा बॅनर, सवलतीचं पोस्टर, शाळेचं प्रमाणपत्र ही कामं डिझायनरच्या हातून काढून घेतली. डीटीपी करणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसाची मीठ-भाकर या कामांवरच होती. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रं काढायला सुरुवात केली. मार्च २०२५ मध्ये घरोघरचे फोटो एका जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या शैलीत रंगून समाजमाध्यमांवर वाहू लागले, तेव्हा चित्रकाराची शैली किती सहज उचलता येते हे सगळ्यांनी पाहिलं. देवनागरीने या यंत्रांना काही काळ चांगलंच दमवलं. सुरुवातीच्या चित्रांमधल्या मराठी पाट्यांवर अक्षरासारखं काहीतरी असे, वाचता काहीच येत नसे. ही तटबंदी कायम राहील असं मानून कोणी धंद्याचं गणित मांडू नये. यंत्र दरवर्षी सुधारतं आहे.

कागदावर काय असतं

लोगो मंजूर झाला की गिऱ्हाईक म्हणतं, ‘ओपन फाइल पाठवून द्या.’ म्हणजे ज्या मूळ फाइलमधून सगळं बदलता येतं ती. ती गेली की पुढची सगळी कामं फलकवाला किंवा गिऱ्हाइकाचा भाचा करतो. भांडणं इथेच होतात, कारण मूळ फाइल फीमध्ये धरली होती की नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

कायदा या बाबतीत डिझायनरच्या समजापेक्षा उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सर्वसाधारणपणे मालकाचा. बाहेरच्या स्वतंत्र कलाकाराकडून हक्क घ्यायचा तर तो बहुतेक वेळा लेखी आणि सहीनिशी घ्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं मानलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. कलम ५७ तर असं सांगतं की हक्क विकल्यावरही आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं कांस्य भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे ते शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाईही. निकाल शिल्पाबाबतचा होता, पण बोधचिन्ह आणि मुखपृष्ठ हीदेखील कायद्याच्या लेखी कलाकृतीच असू शकतात.

पैशाच्या वसुलीचंही तसंच. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या स्टुडिओचं बिल करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यानेही त्याला दात दिले आहेत: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत दाखवता येत नाही. मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग हल्ली आपण होऊन उद्यम प्रमाणपत्र मागतात ते यामुळेच. एकट्याने काम करणाऱ्या अनेकांनी ही नोंदणी केलेली नसते. वर्षाची उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की १८ टक्के जीएसटी लागतो, एवढा एकच नियम सगळ्यांना पाठ असतो.

केंद्राचं राष्ट्रीय डिझाइन धोरण २००७ मध्ये मंजूर झालं, पाठोपाठ भारतीय डिझाइन परिषद आली. पुण्यात डिझायनरांची संघटना दरवर्षी उत्सव भरवते, व्याख्यानं होतात. दरपत्रक मात्र आजही प्रत्येकाचं खासगी गुपित आहे. सावध स्टुडिओ आता काम सुरू करण्याआधी दोन पानी करार पाठवतात. निम्मी रक्कम आगाऊ. करेक्शनच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळा आकार. मंजूर नमुना सोडून बाकीच्या कल्पनांवर गिऱ्हाइकाचा हक्क नाही. ओपन फाइल हवी असेल तर तिची किंमत निराळी. काम मध्येच बंद झालं तर तोवरच्या श्रमांचे इतके टक्के. शेवटच्या ओळीत अंकाच्या श्रेयपानावर, वेष्टनाच्या कडेला किंवा संकेतस्थळाच्या तळाशी स्टुडिओचं नाव छापण्याची अट असते, आणि गिऱ्हाईक सर्वांत आधी खोडायला सांगतं ती हीच ओळ.